पोलादाची परीक्षा सांध्यात

नकाशावर कोयनानगरावर बोट ठेवून ते सरळ पूर्वेकडे सरकवीत नेले, तर सव्वाशे किलोमीटरांच्या सुमारास ते आटपाडीवर येऊन टेकते. दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. एकाच्या वाट्याला सह्याद्रीचा पाऊस आला, दुसऱ्याच्या वाट्याला माणदेशाचा दुष्काळ. त्यामुळे ही दोन नावे एका वाक्यात क्वचितच येतात. तेच बोट आटपाडीवरून ईशान्येच्या अंगाने आणखी सुमारे एकशेऐंशी किलोमीटर पुढे नेले की किल्लारी लागते. महाराष्ट्राने गेल्या साठ वर्षांत भूकंपाचे जे दोन मोठे घाव सोसले, त्या दोहोंच्या मध्ये हा तालुका उभा आहे. माडगूळकर बंधूंच्या आणि शंकरराव खरातांच्या लेखनामुळे या मुलखाचे दुष्काळी रूप मराठी वाचकाच्या मनात ठसलेले आहे. त्याचे हे दुसरे स्थान मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा दख्खनचे पठार अचल आहे या पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीला तडा गेला. रिश्टर मापनावर सुमारे ६.५ इतक्या त्या धक्क्याने पावणेदोनशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. भूकंपप्रवण विभागांचा राष्ट्रीय नकाशा त्यानंतर बदलला गेला आणि कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गाडली गेली. किल्लारी तोवर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणली जात होती. २००२ सालच्या सुधारणेत तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. म्हणजे दोन्ही वेळा जमीन आधी हलली आणि नकाशा मागाहून हलला.

या लेखाचा विषय मात्र भूगर्भ नव्हे. जमीन केव्हा हलेल हे आज कोणालाही सांगता येत नाही. ती हलली तर आपण उभारलेली वास्तू काय करील, हे मात्र पुष्कळसे सांगता येते. आणि ते जाणू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम पाहावयाची जागा म्हणजे सांधा. खांब आणि तुळई जेथे एकमेकांना भेटतात ती जागा. विशेषतः पोलादी सांगाड्याच्या बाबतीत भूकंपाची खरी परीक्षा तेथेच होते. आपल्याकडे या जागेची जितकी उपेक्षा होते, तितकी बांधकामातील दुसऱ्या कोणत्याही अंगाची होत नसेल.

माळवदापासून गर्डरपर्यंत

माणदेशातील जुने घर माळवदाचे. पाऊस थोडा म्हणून छप्पर सपाट, आणि ऊन कडक म्हणून त्यावर मातीचा जाड थर. दगडमातीच्या रुंद भिंती आणि आत लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घराचे मोठेपण या खणांवर मोजले जाई. खांबाच्या माथ्यावर ठेवलेली कूस तुळईच्या खाचेत बसवावयाची, हा त्या सुतारकामातील मुख्य सांधा. तो घट्ट असे, पण एकजीव नसे. भार फिरला की किंचित वळावयाचा, घासावयाचा, करकरावयाचा. किल्लारीच्या परिसरातही याच जातीची घरे होती. तेथे जाड भिंती आणि मातीचे ओझे यांनी माणसांचा बळी घेतला. परंतु काही घरांत भिंती ढासळून गेल्यावरही लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिलेल्या दिसल्या. थोडे वळू देणारा सांधा हा दुबळाच असतो असे नाही, हा धडा त्या उभ्या राहिलेल्या सांगाड्यांनी दिला होता.

आता ते घर मागे पडत चालले आहे. माळवदाच्या जागी स्लॅब आणि पत्रा आला, आणि लाकडाच्या जागी पोलाद. या भागाला लोखंड नवे नाही. औंध संस्थानच्या हद्दीत १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, आणि आटपाडीही त्याच संस्थानातील. परंतु तेव्हा पोलादी सांगाडा ही कारखान्याची मिरास होती. आज डाळिंबाचे सौदे होतात ती शेड, शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय, दुकानावर चढविलेला मजला, गोदाम, दूधसंकलनाची इमारत, अशा नित्याच्या वापरातील वास्तू गर्डर, चॅनेल आणि अँगल यांवर उभ्या राहत आहेत. पोलाद लवकर उभे राहते, हलके असते आणि त्याच्या अंगी तन्यता असते. साधी मऊ पोलादाची पट्टी ताणली तर तुटण्यापूर्वी ती आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक वाढू शकते. खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांना धातूचा हा गुण समजावून सांगावयास नको. जो धातू वाकतो पण तुटत नाही, त्याचे मोल ती मंडळी पिढीजात जाणतात.

येथेच एक फसगत होते. पट्टीची तन्यता म्हणजे इमारतीची तन्यता, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः पोलादाचा गुण इमारतीपर्यंत पोहोचतो तो सांध्यामार्फत. सांधा आधी तुटला, तर पट्टीच्या अंगची तन्यता तिच्या अंगातच राहून जाते.

कागदावरचा सांधा

अभियंता सांगाड्याचे गणित मांडतो तेव्हा सोयीसाठी सांध्याचे दोन प्रकार मानतो. एक बिजागरीसारखा: तुळई खांबावर टेकते, पण मोकळेपणाने वळू शकते. दुसरा पूर्ण ताठर: खांब कितीही कलला तरी तुळई आणि खांब यांमधला काटकोन बदलत नाही. दोन्ही प्रकार कागदावरचे आहेत. प्रत्यक्षातील सांधा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. त्याला अर्धताठर सांधा म्हणता येईल.

ही गोष्ट अभियांत्रिकीला अलीकडे कळली असे नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्सन आणि मूर यांनी रिव्हेट मारलेल्या सांध्यांचा ताठरपणा मोजून त्याचे निष्कर्ष १९१७ साली प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये १९२९ ते १९३६ या काळात पोलादी बांधकामाच्या संशोधनासाठी नेमलेल्या समितीने प्रत्यक्ष इमारतींत मापने घेतली. जॉन बेकर यांचा त्या कामात मोठा वाटा होता. गणितात बिजागरीसारखे मानलेले सांधे प्रत्यक्षात बराच ताण पेलतात, आणि म्हणून खांबांतील खरे ताण कागदावरच्या ताणांशी जुळत नाहीत, असे त्यांना आढळले.

सांधा लवचिक होतो तो कशामुळे? तुळईला खांबाशी जोडणारी कोनपट्टी स्वतः थोडी वाकते. बोल्ट ताणला जातो. बोल्टाचे भोक बोल्टापेक्षा साधारण दोन मिलिमीटर मोठे ठेवावे लागते, नाहीतर जुळणीच होणार नाही. तेवढ्या फटीत पाट्या एकमेकींवर सरकतात. खांबाचा पातळ भागही तुळईच्या रेट्याने किंचित पिळवटतो. यांतील एकेक हालचाल नजरेला दिसणार नाही इतकी लहान असते. परंतु इमारतीत सांधे शेकड्यांनी असतात, आणि खालच्या सांध्यातील अल्प वळण माथ्यावर जाईपर्यंत वाढत जाते.

लवचिकपणाची दोन तोंडे

मग लवचिक सांधा भूकंपात चांगला की वाईट? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा मनुष्य अर्धेच सांगत असतो.

झोपाळ्याला जसा आपला झोका असतो, तसा प्रत्येक इमारतीला आपला आंदोलनकाल असतो. लहान, ताठर इमारत भरभर हलते. उंच, लवचिक इमारत संथ हलते. आपल्या भूकंपविषयक मानकाच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत पोलादी सांगाड्याचा आंदोलनकाल काढण्यासाठी एक सोपे सूत्र दिले आहे. त्यानुसार दहा मीटर उंचीच्या सांगाड्याचा काल सुमारे अर्धा सेकंद, नेमके सांगावयाचे तर ०.४८ सेकंद येतो. या सूत्रात फक्त उंची आहे. सांध्याला तेथे जागा नाही. याहून खोल गणित करण्यास मानक मना करीत नाही, परंतु लहान गावातील लहान इमारतीसाठी ते कोण करतो?

आता समजा, सांधे लवचिक असल्यामुळे या सांगाड्याचा एकूण ताठरपणा निम्म्यावर आला. आंदोलनकाल मग दुप्पट होत नाही. तो सुमारे १.४ पट होतो, म्हणजे ०.६८ सेकंद. इमारत कठीण खडकावर उभी असेल, तर मानकाच्या आलेखानुसार या टप्प्यात काल वाढला की भूकंपाचे बळ उतरते. येथे ते सुमारे तीस टक्क्यांनी कमी होईल आणि झुकणे सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढेल. हा सौदा पुष्कळदा परवडण्याजोगा असतो. लवचिक सांध्याची बाजू घेणारे अभियंते याच लाभाकडे बोट दाखवितात.

परंतु तीच इमारत मऊ मातीच्या जाड थरावर उभी असेल तर? त्या मातीसाठी आलेखाचा सपाट माथा ०.६७ सेकंदापर्यंत पसरलेला आहे. म्हणजे बळ जवळजवळ तेवढेच राहते आणि झुकणे मात्र दुप्पट होते. सांधा तोच, पोलाद तेच, गणित करणारा तोच. केवळ पायाखालची जमीन बदलली आणि लाभाचा सौदा तोट्याचा झाला. खडकाळ माळावर उभी असलेली शेड पाहून नदीकाठच्या काळ्या मातीत तशीच शेड उभारणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

याचे भीषण उदाहरण मेक्सिको शहराने १९ सप्टेंबर १९८५ रोजी पाहिले. भूकंपाचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्यालगत होते. परंतु शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. त्या गाळाचा स्वतःचा आंदोलनकाल सुमारे दोन सेकंदांचा. ज्या मध्यम उंचीच्या इमारतींचा झोका हादरे बसता बसता सैल होऊन या दोन सेकंदांकडे सरकत गेला, त्यांना प्रत्येक हेलकाव्यासरशी नवा धक्का मिळत राहिला. एक एकवीस मजली पोलादी इमारतही त्या दिवशी कोसळली. कोयनेच्या नोंदीतील हिसके मात्र याहून फार जलद होते. म्हणजे जवळच्या भूकंपाचे रूप वेगळे आणि दूरच्या मोठ्या भूकंपाचे वेगळे. २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपाने दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पाडल्या. त्या काँक्रीटच्या होत्या आणि त्यांचे दोष निराळे होते; पण अंतर हे कवच नव्हे, एवढे त्यातून सिद्ध झाले. कोयनेपासून सव्वाशे किलोमीटर दूर असलेल्या गावाने हे विसरून चालणार नाही.

झुकण्याचा धोका केवळ भिंतींना तडे जाण्यापुरता नाही. डोक्यावर घागर घेतलेली बाई ताठ चालते तोवर घागरीचे वजन सरळ पायांत उतरते. ती एका बाजूला कलली की तेच वजन तिला आणखी कलवू लागते. इमारतीचेही असेच आहे. म्हणून मानकाने भूकंपाच्या गणिती बळाखाली एका मजल्याचे झुकणे त्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे साडेतीन मीटर उंचीला चौदा मिलिमीटर, इतके मर्यादित ठेवावयास सांगितले आहे. सांधे पूर्ण ताठर मानून केलेल्या हिशेबात ही मर्यादा पाळलेली दिसते. पण सांधे प्रत्यक्षात तसे नसतील, तर ती मर्यादा कागदावरच पाळली गेलेली असते.

आणखी एक गोष्ट राहते. तार पुनःपुन्हा दुमडली की ती दुमडीच्या जागी गरम होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दुमडण्यात खर्च झालेली शक्ती तेथे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. भूकंपाने इमारतीत ओतलेली शक्ती अशीच कोठेतरी खर्ची पडावी लागते. चांगला अर्धताठर सांधा आपल्या कोनपट्टीच्या वाकण्यात, पाट्यांच्या घर्षणात ती खर्ची घालतो, आणि तुटत नाही. सैल बोल्टांचा सांधा मात्र प्रत्येक हेलकाव्याला आधी नुसता झोल खातो आणि मग एकदम अडतो. पहिल्यात लवचिकपणा आहे, दुसऱ्यात ढिलेपणा. दोहोंना एकच शब्द वापरणे ही मोठी चूक होय.

नॉर्थरिजचा धडा

सांधा लवचिक असण्यात इतकी अनिश्चितता असेल, तर तो सरळ ताठर करून टाकावा, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील अभियंत्यांनी नेमके हेच केले होते. तुळईचा वरचा आणि खालचा पट्टा खांबाला थेट वेल्डिंगने जोडावयाचा आणि मधला पडदा बोल्टांनी, ही पद्धत तेथे वर्षानुवर्षे रूढ होती. ती भूकंपात उत्तम टिकेल असा सर्वांचा विश्वास होता.

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ प्रतीचा भूकंप झाला. पोलादी सांगाड्याची एकही अशी इमारत कोसळली नाही आणि प्रारंभी सर्वांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. पुढे आगप्रतिबंधक लेप आणि भिंतींची आवरणे काढून पाहू लागताच शंभराहून अधिक इमारतींत सांधे तडकलेले आढळले. बहुतेक ठिकाणी तडा तुळईच्या खालच्या पट्ट्याच्या वेल्डिंगमधून निघाला होता. कारणेही हळूहळू स्पष्ट झाली. खालच्या पट्ट्याचे वेल्डिंग करताना मधला पडदा आडवा येतो. कारागिराला तेथे थांबून, पडद्यातील लहान खाचेतून हात घालून, पुन्हा सुरुवात करावी लागे. दोष नेमका त्या जागी राहून जाई. वेल्डिंगसाठी खाली लावलेली आधारपट्टी तशीच ठेवली जाई आणि तिच्या कडेला फटीसारखी खाच राही. वापरलेला वेल्डिंगचा धातूही पुरेसा चिवट नव्हता. बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमधील कोबेच्या भूकंपातही वेल्डिंगचे सांधे तडकल्याचे दिसून आले.

या अनुभवानंतर जे उपाय निघाले, त्यांतील एक मोठा बोधप्रद आहे. सांध्यापासून थोड्या अंतरावर तुळईचे पट्टे दोन्ही बाजूंनी कोरून मुद्दाम अरुंद करावयाचे. हेतू हा की, वाकावयाचे झाले तर तुळई तेथे वाकावी आणि सांध्याच्या वेल्डिंगवर ताण येऊ नये. एरवी ज्याला आपण तुळई कमजोर करणे म्हटले असते, तेच येथे इमारत वाचविण्याचे साधन ठरले. त्यातून निघणारा सिद्धान्त सोपा आहे: भूकंपात काहीतरी नमणारच, ते कोठे नमावे हे आपण आधी ठरविले पाहिजे. आपण ठरविले नाही, तर भूकंप ठरवितो.

मानकात काय आहे

आपल्या देशातही हे ज्ञान पोहोचलेले नाही असे नव्हे. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९८४ च्या आवृत्तीतच अर्धताठर रचनेला मान्यता होती. २००७ च्या आवृत्तीत तर भूकंपासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. साधारण प्रकारच्या ताठ सांगाड्यात सांधा ०.०२ रेडियनपर्यंत आणि विशेष प्रकारच्या सांगाड्यात ०.०४ रेडियनपर्यंत वळूनही त्याचे बळ टिकले पाहिजे, असे ते सांगते. ०.०४ रेडियन म्हणजे साडेतीन मीटर उंचीत चौदा सेंटिमीटर कलणे. साधारण प्रकारचा सांगाडा चौथ्या आणि पाचव्या विभागांत वर्ज्य ठरविला आहे. शाळा-रुग्णालयांसारख्या महत्त्वाच्या इमारतींसाठी तिसऱ्या विभागातही तो चालत नाही. म्हणजे शास्त्र आहे, नियम आहेत. उणीव आहे ती त्यापुढील पायरीची.

तालुक्याच्या गावी पोलादी काम होते कसे, ते पाहावे. मालक सांगतो, इतकी लांबी, इतकी रुंदी, इतकी उंची. दर ठरतो किलोवर. माल काट्यावर मोजला जातो आणि त्याप्रमाणे पैसे चुकते होतात. या हिशेबात गर्डर भरतो, चॅनेल भरतो, कैची भरते, पत्रा भरतो; सांध्याचे वजन काट्यावर भरत नाही. चार बोल्टांऐवजी दोन घातले, पूर्ण वेल्डिंगऐवजी नुसते टाके मारून त्यावर रंग फिरविला, भोक जुळले नाही म्हणून गॅसने मोठे केले, किंवा खांबाच्या पायथ्याची पाटी पायाला दोनच बोल्टांनी धरली, तरी काट्यावरचा आकडा हलत नाही. भूकंपात ज्यावर सर्व अवलंबून आहे, तेच अंग आपल्या व्यवहारात फुकटचे ठरले आहे. याचा दोष वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला देणे अन्यायाचे होईल. त्याच्या हाती सांध्याचे चित्र कोणी दिलेले नसते, आणि चांगल्या सांध्याला लागणाऱ्या वेळेचा मोबदलाही कोणी देत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पत्र्याची शेड हलकी असते. भूकंपाचे बळ वजनाच्या प्रमाणात येते. तेव्हा तिला भूकंपाचे भय ते काय? आक्षेप रास्त आहे. एकमजली हलक्या शेडला भूकंपापेक्षा वादळी वाऱ्याचेच भय अधिक. परंतु वाराही शेवटी सांध्यालाच हात घालतो. शिवाय शेड नेहमी हलकीच राहते असे नाही. तिच्यावर पाण्याची टाकी चढते, आत पोटमाळा घालून त्यावर पोती रचली जातात, गर्डरवर काँक्रीटचा स्लॅब टाकून दुकानाचा मजला होतो. खांबांच्या मधे विटांच्या किंवा दगडी भिंती उभ्या राहतात, आणि त्या सांगाड्याला कोठेही बांधलेल्या नसतात. सांगाडा लवचिक असल्यामुळे स्वतः वाचेल, पण झुकताना त्या भिंतींना खाली लोटील. किल्लारीच्या दगडी भिंतींचा धडा तेव्हा पोलादाच्या चौकटीत पुन्हा गिरविला जाईल.

करावयाचे काय

उपाय खर्चिक नाहीत, आणि त्यांतील पहिला तर केवळ कारकुनी आहे. शासकीय, निमशासकीय आणि सहकारी संस्थांच्या पोलादी कामाच्या निविदेत सांध्यांची चित्रे सक्तीची असावीत. बोल्ट किती, कोणत्या प्रतीचे, वेल्डिंगची लांबी आणि जाडी किती, खांबाचा पायथा कसा, हे त्यांत स्पष्ट असावे. देयक मंजूर करताना पोलादाच्या वजनाबरोबर सांधे तपासल्याची स्वतंत्र नोंद मागावी. ज्या टेबलावर वजनाची पावती तपासली जाते, त्याच टेबलावर ही नोंदही तपासता येईल. काट्यावर न भरणारी वस्तू अशा रीतीने कागदावर तरी भरेल.

दुसरा उपाय शिक्षणाचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डिंग शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला खालच्या पट्ट्याचे वेल्डिंग का कठीण असते आणि ते चुकल्यास काय होते, हे नॉर्थरिजचे उदाहरण देऊन सांगितले पाहिजे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून या भागाला अभियंते पुरवीत आले आहेत. तालुक्यातील दुकानांत प्रत्यक्ष जसे सांधे बनतात तसे बनवून घेऊन, ते किती वळतात आणि केव्हा तुटतात याच्या चाचण्या विद्यार्थ्यांकडून करविल्या, तर पाठ्यपुस्तकातील आदर्श सांध्यापेक्षा त्या मोजमापांचा उपयोग या दोन जिल्ह्यांना अधिक होईल.

तिसरा उपाय पाहणीचा. ज्या शाळेचे सभागृह किंवा बाजाराची शेड आधीच उभी आहे, ती पाडण्याची आवश्यकता नाही. प्रशिक्षित अभियंत्याने खांबाचा पायथा, तुळईचे टोक आणि तिरके ताण यांची तपासणी केली, निसटलेले नट आवळले, गंजलेले बोल्ट बदलले, अपुऱ्या सांध्यांना जोडपट्ट्या लावल्या आणि सुट्या भिंती सांगाड्याला बांधल्या, तर धोका पुष्कळ अंशी कमी होतो. सिमेंट-काँक्रीटच्या तुलनेत पोलादाचा हा मोठा गुण आहे की, त्याचा सांधा बहुधा उघडा असतो, पाहता येतो आणि सुधारता येतो. परंतु त्यासाठी कोणीतरी मान वर करून पाहिले पाहिजे. मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी अशा पाहणीची मागणी लेखी केली, तर ती मागणी फाइलीत तरी राहील, आणि फाइलीतील मागणीला कधी ना कधी उत्तर द्यावे लागते.

कोयनेच्या भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी कराड येथे केंद्र शासनाने संशोधन-प्रयोगशाळा स्थापन केली आहे, आणि कोयना परिसरात गोठणे येथे खडकात तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. हे काम मोलाचे आहे आणि त्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा. परंतु जमिनीखाली तीन किलोमीटरवर काय चालले आहे हे जाणून घेणारा समाज आपल्या डोक्यावर तीन मीटरांवर असलेला सांधा पाहत नसेल, तर त्या ज्ञानाचा लाभ सौद्याला आलेल्या शेतकऱ्याला आणि सभागृहात बसलेल्या मुलाला कसा मिळावा? भूगर्भातील हालचाल थांबविणे आपल्या हाती नाही. सांध्यात किती बोल्ट असावेत, ते कोणी आवळावेत आणि आवळले की नाही हे कोणी पाहावे, एवढे ठरविणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. माळवदाचे घर बांधणारा सुतार कूस खाचेत नीट बसली की नाही हे हाताने चाचपून पाही. त्याच्या नातवाने पोलाद हाती घेतले आहे. ती चाचपणी मात्र वाटेत कोठेतरी गळून पडली. ती परत आणणे हे काम पुढच्या भूकंपाच्या आधी झाले पाहिजे, आणि त्याची तारीख कोणालाही ठाऊक नाही.